गॅमा नाइफ
भंडाऱ्याहून मेंदूच्या गाठीचा रुग्ण नागपूरला जातो, कधी मुंबईला. ‘गॅमा नाइफ’ हे नाव ऐकून घरचे धास्तावतात. वास्तविक त्यात सुरी नसतेच. स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये अशा किरणोपचाराला ‘रेडिओसर्जरी’ म्हटले. ‘रेडिओ’च्या मुळाशी लॅटिन ‘रेडिअस’ आहे: किरण, आणि चाकाचा आराही. किती नेमके! बैलगाडीचे आरे तुंब्यात मिळतात, तसे कोबाल्ट-६० च्या किरणांचे सुमारे २०० बारीक झोत गाठीवर एकवटतात. वाटेतल्या पेशींना एकेका झोताची मात्रा अल्पच लागते. ‘सर्जरी’ मूळ ग्रीक, म्हणजे हाताचे काम. इथे कवटी उघडावी लागत नाही. गाठ लहान असेल, तर हा उपचार चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.