मैदानी कुत्रं आणि 'मालक' नावाचा रकाना

चकली आमच्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत एक प्लास्टिकचं पाकीट आलं. त्यात निळा पासपोर्ट (तिचा), लसींच्या नोंदी, रक्ततपासणीचे अहवाल आणि मी सही करायचा एक कागद. कागदावर दोन रकाने शेजारीशेजारी होते. 'जात' या रकान्यात लिहिलं होतं, 'क्रॉसब्रीड'. 'मालक' या रकान्यात माझं नाव. पहिल्या रकान्याचं हसू आलं. मराठीत माणसाला आणि कुत्र्याला आपण हा एकच शब्द वापरतो, आणि या बाईंची जात 'मिश्र' म्हणून सरळ नोंदवलेली. दुसऱ्या रकान्यापाशी मात्र माझं पेन थांबलं. का थांबलं, ते सांगायला मला लंडन आणि मुंबई दोन्हीकडे जावं लागेल. पॉडकास्टच्या भागात हे सगळं बसलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी चकलीची ओळख. काळी, पाय बदामी, शेपटी चकलीसारखी वळलेली, आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक बदामी ठिपका. हे ठिपके लक्षात ठेवा, पुढे लागतील. ती रुमानियातल्या रस्त्यावरून आली. ब्रिटनमधल्या बऱ्याच 'रेस्क्यू' कुत्र्यांचा प्रवास असाच असतो: पूर्व युरोपातून व्हॅनमध्ये बसून दोन-तीन दिवसांत इंग्लंड. रुमानियात चाउसेस्कूच्या काळात जुनी वस्ती पाडून लोकांना फ्लॅटमध्ये हलवलं गेलं, आणि अंगणातली कुत्री मागे राहिली. पुढे त्यांची संख्या वाढत गेली. २०१३ मध्ये बुखारेस्टमध्ये एका लहान मुलाचा कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि त्यानंतर कायदा आला: पकडलेल्या कुत्र्याला १४ कामकाजाच्या दिवसांत कुणी घेतलं नाही तर ते मारता येईल. ब्रिटनमध्ये व्हॅन भरून कुत्री येण्यामागे हेही एक कारण आहे.

रुमानियन भाषेत अशा कुत्र्याला 'मायदानेझ' म्हणतात. म्हणजे 'मायदान'वरचं, मोकळ्या पडीक जागेवरचं. हा शब्द तिथे तुर्कीतून गेला आणि आपल्याकडे फारसीतून आला. आपलं 'मैदान' तेच. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे गावठीच ना? दोन हजार किलोमीटरवरून मागवलंस? इथे गल्लीत फुकट मिळालं असतं."

आईचं चुकत नाही. पण गल्लीतलं कुत्रं आणि शेल्टरमधलं कुत्रं यांच्यात फरक आहे, आणि तो कुत्र्यात नाही, आपल्यात आहे.

शुद्ध जातीचं कुत्रं ही कल्पनाच फार जुनी नाही. शिकारी, मेंढपाळ, राखण्या असे कुत्र्यांचे प्रकार पूर्वीपासून होते, पण ते कामावरून ठरायचे. ठरावीक उंची, ठरावीक कान, लेखी वंशावळ हा सगळा व्हिक्टोरियन इंग्लंडचा उद्योग. १८५९ मध्ये न्यूकॅसलला पहिलं मोठं डॉग शो झालं. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते. १८७३ मध्ये केनेल क्लब निघाला. जाती ठरल्या की त्यांच्याबाहेरचं काय उरतं तेही ठरतं. 'मंग्रेल' हा शब्द जुनाच, पण आता त्याला नवी धार आली. मंग्रेल म्हणजे गरीब वस्तीतलं, रोगट, कुणाचं ते माहीत नसलेलं. वर्गभेदाचा हा हिशेब कुत्र्यांवरून वाचायचा आणि माणसांवर लावायचा, हे त्या काळच्या लोकांना सहज जमत असे.

याच सुमारास, १८६० मध्ये, मेरी टील्बी नावाच्या बाईंनी उत्तर लंडनमधल्या हॉलोवेत 'हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरतं घर' उघडलं. एका मैत्रिणीला रस्त्यावर सापडलेलं उपाशी कुत्रं काही वाचलं नव्हतं, तिथून ही सुरुवात. 'टाइम्स'ने खिल्ली उडवली. शहरात माणसं उपाशी आहेत आणि या बाई कुत्र्यांना घर देताहेत, असा सूर होता. (हा सूर आजही ऐकू येतो. तुम्ही कुत्रं घेतलंत की तुम्हालाही ऐकायला मिळेल.) १८६२ मध्ये डिकन्स यांच्या नियतकालिकात एक लेख आला. इस्लिंग्टनमधलं भपकेबाज डॉग शो आणि तिथून जेमतेम मैलावरचं हे कुत्र्यांचं घर, दोन्ही शेजारीशेजारी ठेवून लिहिलेला. त्याने लोकांचं मत बरंच वळवलं म्हणतात. १८७१ मध्ये संस्था बॅटर्सीला गेली. तीच आजची प्रसिद्ध बॅटर्सी.

संस्थेच्या नावातला 'हरवलेल्या' हा शब्द पाहा. इंग्रजीतल्या 'स्ट्रे'चा अर्थही तोच: वाट चुकलेलं. म्हणजे गृहीतक असं, की प्रत्येक कुत्र्याचं कुठेतरी एक घर आहे आणि कुणीतरी एक मालक. रस्त्यावर असणं ही चूक, ती दुरुस्त करायची. मालक सापडला तर परत द्यायचं, नाहीतर नवा मालक शोधायचा. आणि तोही सापडला नाही तर? १८६७ च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना मोकाट कुत्री पकडायचा अधिकार दिला. पकडलेलं कुत्रं तीन दिवस ठेवायचं, मग विकायचं किंवा मारायचं. मारायची पद्धत तरी कमी वेदनेची असावी म्हणून १८८४ मध्ये डॉ. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी बॅटर्सीसाठी वायूची एक खोली तयार केली. तिच्यात हजारो कुत्री गेली. ही गोष्ट संस्थेला कमी लेखण्यासाठी मी सांगत नाहीये. त्याच संस्थेने प्रयोगशाळांना कुत्री द्यायला ठाम नकार दिला होता, आणि त्या काळात ते सोपं नव्हतं. पण घर आणि ती खोली एकाच आवारात होती, कारण दोन्ही एकाच कल्पनेतून निघाली होती: ज्याला मालक नाही त्याला जागा नाही.

आता मुंबई. इथे आपण लंडनच्या अठ्ठावीस वर्षं मागे जातोय.

१८३२ चा उन्हाळा. मुंबईत मोकाट कुत्री मारायचा नियम आधीपासून होता, ठरावीक महिन्यांपुरता. त्या वर्षी मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. एका कुत्र्यामागे आठ आणे इनाम. आठ आण्यांसाठी काय होईल याचा अंदाज तुम्हाला येईल: रस्त्यावरची कमी पडली की पकडणारे अंगणातली, घरातलीही कुत्री ओढून न्यायला लागले. ६ जूनला पारशांचा पवित्र दिवस होता. पारशी जमाव पोलिसांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, आणि बंदात हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही सामील. कुलाब्याच्या छावणीचा रसदपुरवठा अडला. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. आधुनिक मुंबईतली पहिली मोठी दंगल कुत्र्यांवरून झाली, हे मला पीएचडी करताना कळलं. मराठी शाळेच्या इतिहासात तरी मी ते वाचल्याचं आठवत नाही.

पारशीच पुढे का? झरतुष्ट्री धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. अंत्यविधीत 'सगदीद' नावाचा विधी असतो: मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. त्यासाठी 'चार डोळ्यांचं' कुत्रं उत्तम, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेलं. हो, चकलीसारखं. तिथे वंशावळ लागत नाही, ठिपके लागतात. पण नुसती धर्मश्रद्धा म्हणून हा प्रसंग सोडून देऊ नका. पोलीस घरात शिरतात, न विचारता वस्तू उचलतात, आणि कंपनी सरकारशी चांगले संबंध असलेल्या प्रतिष्ठित समाजालाही कुणी विचारत नाही, हा रागही त्यात होता. नंतर जमशेटजी जीजीभाईंसारख्या बड्या लोकांनी मध्यस्थी केली, आणि मारण्याऐवजी कुत्री शहराबाहेर नेण्याची तडजोड झाली.

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि जैन व्यापारी अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ सुरू केली. आज तिथे गेलात तर गायी दिसतील, पण सुरुवातीचं एक मोठं कारण ही कुत्रीच होती. म्हणजे बॅटर्सीच्या सव्वीस वर्षं आधी मुंबईत कुत्र्यांना आसरा होता. 'जगातलं पहिलं' वगैरे शर्यत मला लावायची नाहीये. गुजरातेत पांजरपोळी त्याच्याही कितीतरी आधीपासून आहेत. मला फरक महत्त्वाचा वाटतो. पांजरपोळीत कुत्रं दत्तक द्यायची कल्पना नव्हती. तिथे जनावर आलं की मरेपर्यंत राहायचं. मारायचं नाही, एवढंच पक्कं. पण मारायचं नाही म्हणजे नीट सांभाळायचं, असंही नाही. आजारी जनावरं तशीच कुढत पडलेली पाहून युरोपीय पाहुणे नाकं मुरडायचे, आणि ते सगळंच खोटं लिहीत होते असं मला वाटत नाही. लंडनची दया मारून सुटका करत होती, मुंबईची दया मारत नव्हती आणि पुढचं फारसं पाहतही नव्हती.

आणि पांजरपोळीबाहेर, गल्लीत, तिसरीच रीत चालू होती. नामदेव तुपाची वाटी घेऊन पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावले, ही गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल. त्या गोष्टीत नामदेव कुत्र्याला घरी आणत नाहीत. तूप लावून देतात, कुत्रं आपल्या वाटेने जातं. आपल्याकडचं बहुतेक कुत्रं असंच जगलं: चार घरची पोळी, मालक कुणीच नाही.

आमच्या गल्लीत काळू होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सकाळी आमच्याकडे चहात बुडवलेला ब्रेड, दुपारी समोरच्या वाड्यात भात, रात्री कोपऱ्यावरच्या अंडाभुर्जीवाल्याकडे काय मिळेल ते. अनोळखी माणूस आला की भुंकायचा. शेजारच्या मुलाला एकदा दुसऱ्याच कुठल्या कुत्र्याने चावलं, त्याला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, आणि त्यानंतर गल्लीत कुत्र्यांची गाडी आली. फासा टाकणाऱ्या माणसाने काळूला धरलं आणि वर गॅलऱ्यांकडे बघून विचारलं, "हे कुणाचंय?" त्याचा आवाज चांगला होता, दरडावणारा नव्हता. कुणी 'आमचंय' म्हटलं असतं तर त्याने सोडलं असतं असं मला आजही वाटतं. सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. माझे आईबाबाही होते. मी सात वर्षांची होते आणि मीही काही बोलले नाही.

त्या चौदा इंजेक्शनांना विसरूनही चालणार नाही. रेबीज झाला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि भारतात आजही त्याने दरवर्षी हजारो माणसं जातात, त्यांत लहान मुलं बरीच. ब्रिटनने मुसक्यांची सक्ती, मोकाट कुत्र्यांची धरपकड आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांचं विलगीकरण करून १९०२ मध्ये रेबीज घालवला. म्हणजे ज्या रस्त्यांवर मी चकलीला निर्धास्त फिरवते ते असे झाले त्याची किंमत कुत्र्यांनी दिलीय. भारताने २००१ च्या नियमांनी वेगळी वाट धरली: पकडा, नसबंदी करा, लस द्या, जिथून आणलं तिथेच सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीची सगळी कुत्री शेल्टरमध्ये ठेवा म्हटलं आणि अकरा दिवसांनी तो आदेश बदलून लस दिलेली, निरोगी कुत्री परत सोडा म्हटलं. तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर काय रणकंदन झालं विचारू नका. १८३२ चे सगळे मुद्दे त्यात होते, आठ आणे सोडून. मला विचाराल तर नसबंदी आणि लस हीच वाट बरोबर आहे, पण ती दहातल्या सात-आठ कुत्र्यांपर्यंत पोचली नाही तर तिचा उपयोग होत नाही, आणि बहुतेक शहरांत ती तेवढी पोचत नाही.

चकलीकडे परत येते, कारण तुमच्यापैकी काही जण शेल्टरमधून कुत्रं घ्यायच्या विचारात आहात, तसे मेसेज आलेत. पहिले तीन आठवडे ती जेवणाच्या टेबलाखालून बाहेर आली नाही. जिना तिला माहीत नव्हता, चारही पाय एका पायरीवर ठेवून ती थरथरत उभी राहायची. टीव्ही, वॉशिंग मशीन, छत्री, सगळ्याची भीती. बाहेर नेताना गळपट्टा आणि हार्नेस दोन्हींना वेगवेगळे पट्टे लावायचे, कारण रस्त्यावर वाढलेलं कुत्रं घाबरलं की क्षणात निसटतं आणि परत येण्याइतकं तुम्हाला ओळखत नसतं. शेल्टरचे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात. आम्हाला पाच महिने लागले. पाहुण्यांना तिला हात लावू देऊ नका, डोळ्यांत बघू देऊ नका. विमा पहिल्याच दिवशी काढा. आणि घरमालकाची परवानगी लेखी घ्या. आम्ही तोंडी घेतली होती आणि नंतर पस्तावलो.

कायद्याने तिच्या मानेत मायक्रोचिप आहे. इंग्लंडमध्ये २०१६ पासून सक्तीची. चिपवर फक्त एक नंबर असतो, त्या नंबरापुढे माझं नाव, पत्ता, फोन. घर बदललं की तो पत्ता बदलायचा. पोस्टडॉकच्या नोकरीत घरं बदलतातच, दोन वर्षांत मी तो दोनदा बदललाय. कुणी कधी तिला धरून "हे कुणाचंय?" विचारलं तर उत्तर तिच्या मानेतच आहे.

परवा आईला विचारलं, काळू रात्री झोपायचा कुठे गं? ती म्हणाली, "जोशींच्या जिन्याखाली." मग थोडं थांबून, "नाही, ते पावसाळ्यात. एरवी कुठे झोपायचा काय माहीत."