करकंब ते खासबाग : एका मैदानाला जायचे तीन प्लॅन

मंडळी, ऑनसाईटला गेलेल्या मराठी माणसाचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. टोरंटो, माँट्रियल नाहीतर बोस्टनला पोचला की पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातले लोक त्याला आईस हॉकीच्या मॅचला घेऊन जातात. शहराच्या ऐन मध्यावर भलीमोठी बंदिस्त इमारत, आत मधोमध बर्फ आणि चहूबाजूंनी ओरडणारी हजारो माणसं. मग त्याची मेल येते, "आपल्याकडे गावाच्या मधोमध असं काही का नाही रे?"

आहे ना राव! चांगलं १९१२ पासून आहे. कोल्हापूरचं खासबाग मैदान. बर्फाच्या जागी लाल माती, आणि डोक्यावर छप्पर नाही. बाकी मामला तोच.

आमचं गाव करकंब. तालुका पंढरपूर, जिल्हा सोलापूर. पंढरपुराहून टेंभुर्णीकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर लागतं. तर आज आपण करकंबहून खासबागला जायचा प्लॅन करू. एक नाही, तीन : १९१२ चा, १९२७ नंतरचा आणि आत्ताचा. एखाद्या जागेचा इतिहास कळायला तिथं माणसं कशी पोचायची ते बघणं ही चांगली युक्ती आहे, असं माझं मत.

पण आधी हे मैदान झालं कसं ते बघू.

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. राजेसाहेबांचं अपेंडिक्स नेमकं तेव्हाच दुखायला लागलं आणि जूनमधला समारंभ ऑगस्टवर गेला. त्या युरोपच्या दौऱ्यात महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं. महाराज स्वतः तालमीत घाम गाळलेले, कुस्तीवर जीव. दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी हजारोंना एकत्र बसवून एकच खेळ दाखवायची सोय केली होती, मग ती कोल्हापुरात का नको? परत आल्यावर काही वर्षांतच काम सुरू झालं आणि १९१२ मध्ये मैदान उभं राहिलं. तीसेक हजार माणूस बसतो, असा आकडा नेहमी सांगितला जातो.

याच १९०२ सालची आणखी एक गोष्ट. महाराज विलायतेत असतानाच, २६ जुलैला, करवीर संस्थानच्या गॅझेटमध्ये तो प्रसिद्ध हुकूम छापून आला : संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखीव. हुकूम आणि मैदान या दोन्हींचा थेट संबंध आहे असा दावा मी करत नाही. पण मैदानाची रचना बघितली की मला तो हुकूम आठवतो. का, ते पुढे सांगतो.

प्लॅन नंबर एक : १९१२.

समजा करकंबच्या एका शौकिनाला नव्या मैदानात कुस्ती बघायची आहे. मैदान सुरू झालं तेव्हा पंजाबचे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती लागली होती. इमामबक्ष म्हणजे थोरल्या गामाचा भाऊ. दोनच वर्षांपूर्वी, १९१० मध्ये, हे दोघे भाऊ लंडन गाजवून आले होते. म्हणजे आजच्या भाषेत इंटरनॅशनल फिक्श्चर!

आता जायचं कसं? करकंबहून बैलगाडीनं पंढरपूर. तिथून बार्शी लाईट रेल्वे, जी १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली होती. ही नॅरोगेज, रुळांमधलं अंतर अडीच फूट. ती कुर्डुवाडीला नेऊन सोडणार. कुर्डुवाडीला मुंबई-मद्रास लाईनची ब्रॉडगेज गाडी पकडून पुणं. पुण्याहून मीटरगेजनं मिरज, आणि मिरजेहून कोल्हापूर संस्थानची १८९१ मध्ये सुरू झालेली लाईन. कोल्हापूर दक्षिण-पश्चिमेला, आणि आमचा शौकीन निघाला उत्तरेकडून पुण्याला वळसा घालून! एका कुस्तीसाठी एक बैलगाडी आणि तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ. आपण इंजिनिअर लोक ज्याला कंपॅटिबिलिटी इश्यू म्हणतो ना, तो हा.

प्लॅन नंबर दोन : १९२७ नंतर.

१९२७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे पंढरपूरहून थेट मिरजेपर्यंत गेली. पुण्याचा वळसा संपला. करकंब, पंढरपूर, मग छोट्या गाडीनं सांगोल्यावरून मिरज, तिथं गाडी बदलून कोल्हापूर. बस्स. वारकऱ्यांची म्हणून ओळखली जाणारी ही लाईन पैलवानांच्याही किती सोयीची होती ते नकाशा काढून बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या पोरानं कोल्हापूरच्या तालमीत जाऊन राहायचं, ही वाट आजही चालू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी झालेला सिकंदर शेख मोहोळचा, आणि घडला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत.

मात्र याच काळात कुस्ती बदलत होती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा हाडांत मुरलेली माती, आणि खेळायचं मॅटवर. तरी सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं हे पहिलं वैयक्तिक पदक.

पण यातून एक पेच उभा राहिला, तो आजतागायत सुटलेला नाही. पदक हवं तर मॅट हवी. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण, आणि मॅट टाकायला छपराखालचा हॉल. मग उघड्या आभाळाखालच्या मातीच्या मैदानाचं काय?

इथं जरा तिकडच्या अरीनांची खबर घेऊ. टोरंटोचं मेपल लीफ गार्डन्स १९३१ चं. संघ १९९९ मध्ये नव्या जागी गेला, आणि २०११ पासून खालच्या मजल्यावर चक्क किराणा मालाचं सुपरमार्केट आहे! जुन्या बर्फाचा मध्यबिंदू जिथं होता तिथं फरशीवर लाल ठिपका काढून ठेवलाय. वर एका विद्यापीठाचं क्रीडासंकुल आहे, एवढंच समाधान. माँट्रियलचं फोरम १९२४ चं, संघ १९९६ मध्ये गेला, मग तिथं सिनेमागृह आलं. बोस्टन गार्डन १९९५ मध्ये बंद झालं, १९९८ मध्ये पाडलं. नवीन इमारती बांधण्यामागे एक मोठं कारण होतं : कंपन्यांना विकायच्या महागड्या बंद खोल्या, ज्यांत बसून साहेबलोक जेवता जेवता मॅच बघतात. जुन्या इमारतींत त्यांना पुरेशी जागा नव्हती.

आता खासबागची रचना बघा. एखाद्या मोठ्या बशीसारखं मैदान. मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती चढत जाणारा उतार. त्यामुळे शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही हौदा दिसतो. पुढच्याच्या फेट्याआडून माना वाकड्या करत बसायला नको. डिझाईनच्या भाषेत म्हणायचं तर इथला मुख्य युजर हा शेवटच्या रांगेतला माणूस आहे. मला तो १९०२ चा हुकूम आठवतो तो यामुळे. जो मागे आहे त्याला दिसलं पाहिजे, पोचता आलं पाहिजे, हा विचार दोन्हीकडे सारखाच वाटतो.

प्लॅन नंबर तीन : आत्ताचा.

करकंब, पंढरपूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर. दोनशेच्या आसपास किलोमीटर, सांगोल्यापासून पुढे रस्ता झकास. रेल्वेचा नाद असेल तर पंढरपूर-मिरज लाईन आता ब्रॉडगेज झालीय, वेळापत्रक बघून निघा. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घ्या, भवानी मंडपातून बाहेर पडा आणि चालत खासबागला जा. शेजारीच १९१५ मध्ये सुरू झालेलं पॅलेस थिएटर, म्हणजे १९५७ पासूनचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं. त्या रात्री कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. पुन्हा उभारणीचं काम नंतर हाती घेण्यात आलं. माणसं इमारतीसाठी रडतात ती विटांसाठी नाही, आत घालवलेल्या संध्याकाळींसाठी.

म्हणूनच माझी एक अट आहे. रिकामं मैदान बघायला जाऊ नका. फोटो काढून दहा मिनिटांत परत याल आणि म्हणाल, "ठीक आहे." कुस्त्यांचा हंगाम दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत. कोल्हापूरच्या पेपरांत आणि चौकाचौकातल्या फ्लेक्सवर जंगी मैदानाची जाहिरात येते, तेव्हा तारीख ठरवा. दुपारीच जा. आधी लहान पोरांच्या कुस्त्या असतात, त्या चुकवू नका. हलगी कडाडते, ताक-तेल-हळद घालून मळलेल्या मातीचा वास येतो, आणि मोठी जोड लागेपर्यंत दिवस कललेला असतो.

बसायला शक्यतो सगळ्यात मागची रांग धरा. समोरच्या माणसाच्या डोक्यावरून हौदा दिसतोय का ते तपासा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं डिझाईन अजून चालतंय की नाही हे बघायचा तोच एक खरा टेस्ट केस आहे. आणि ते चालत राहायचं तर रांगा भरलेल्या असायला हव्यात. नाहीतर लाल मातीच्या जागी फरशीवरचा लाल ठिपका यायला वेळ लागत नाही.

तर मग, निघताय ना?