माइंडफुलनेसची सय

अंबाजोगाईच्या नावातच योग आहे, मात्र मराठी तोंडात मुरलेला. योगेश्वरीची जोगेश्वरी झाली आणि तिची जोगाई. शब्दाच्या आरंभीचा 'य' प्राकृतात 'ज' होतो. यात्रेची जत्रा झाली, यंत्राचं जातं झालं, तसाच योगाचा जोग. जोगी आणि जोगवा हे त्याच घरातले. 'विवेकसिंधु' लिहून शके 1110 मध्ये, म्हणजे इ.स. 1188 साली, वेदान्त मराठीत आणणाऱ्या मुकुंदराजांची समाधी बीड जिल्ह्यातल्या याच गावी दाखवतात. म्हणून 'माइंडफुलनेस'ला मराठीत काय म्हणावं, हा प्रश्न इथे विचारावासा वाटतो.

1881 साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी बौद्ध सुत्तांच्या इंग्रजी अनुवादात हा शब्द योजला तो पालीतल्या 'सति'साठी. सति म्हणजे संस्कृत स्मृति. प्राकृतात तिचं 'सइ' झालं आणि मराठीत 'सय'. सासुरवाशिणीला माहेरची सय येते, तीच ही सय! आपण तिला हुरहुरीपुरतं ठेवलं. पालीत मात्र ती कामाची राहिली: श्वासावर बसवलेलं मन भरकटलं, की श्वासाची पुन्हा आठवण होणं. 'सजगता' या शब्दात जागेपण येतं, ही आठवण येत नाही. मला तो म्हणूनच अपुरा वाटतो.

ही सय शिकवण्याच्या दोन रीती आज ठळक आहेत. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र 1976 पासून चालू आहे. तिथे दहा दिवसांचं शिबिर असतं. पहाटे चारला घंटा, आर्य मौन, पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना निरखणं. फी नाही, सगळं दानावर. 'शिबिर' म्हणजे मुळात सैन्याचा तळ. घर सोडून, नियम पाळून राहायचं, हा अर्थ या शब्दाने सोडलेला नाही.

जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू केलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम वेगळा. आठवड्यातून एकदा वर्ग, मधे एक पूर्ण दिवस, बाकी सराव रोज घरी. त्याला 'अभ्यासक्रम' हा शब्द नेमका बसतो. अभ्यासात 'अस्', म्हणजे फेकणं, हा धातू आहे; मन पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी टाकायचं. पतंजलींचा अभ्यास हाच. शाळेने त्याचा अर्थ पुस्तकाकडे वळवला. क्रम म्हणजे पाऊल.

खोलवर उतरायला शिबिर बरं, असं माझं मत आहे. सलग दहा दिवसांत जे दिसतं ते तुकड्यातुकड्यांनी दिसत नाही. पण बीडमधून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारं, महिनोन्महिने कारखान्यावर कोपीत राहणारं जोडपं गावी परतल्यावर आणखी दहा दिवस घर सोडणार कसं? शिवाय आठ आठवड्यांचे असे वर्ग बहुधा फी घेऊन चालतात, आणि तेही मोठ्या शहरांत. बीडच्या गावांत पोचायचं तर शिबिराची बिनफी रीत आणि अभ्यासक्रमाचा घरचा सराव एकत्र आणावा लागेल, आणि शिकवणाऱ्याने 'माइंडफुलनेस' न म्हणता 'श्वासाची सय ठेवा' असं सांगावं. आजीलाही ते कळेल.