लिनक्सची स्थापना-सीडी आणि संगणकाचे फर्मवेअर : एक ऐतिहासिक आढावा

संगणक सुरू होताच प्रथम कार्यान्वित होतो तो मदरबोर्डवरील चिपमध्ये साठविलेला प्रोग्राम, म्हणजेच फर्मवेअर. कार्यप्रणाली कोठून उचलायची हे तोच ठरवितो. पेण वा रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत निरनिराळ्या वर्षी खरेदी केलेले संगणक एकत्र नांदत असतील, तर त्यांचे फर्मवेअरही भिन्न असू शकते. मग एकाच सीडीवरून सर्वांवर लिनक्स कसे बसवावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास पाहावयाचा आहे.

१९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर बायॉस आले. डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचून त्यांच्याकडे नियंत्रण सोपवावयाचे, ही त्याची रीत. सीडीची रचना मात्र वेगळी होती. १९८८ च्या आयएसओ ९६६० मानकाने तिचे आरंभीचे ३२,७६८ बाइट विशिष्ट उपयोग न नेमता राखून ठेवले होते. १९९५ मध्ये फिनिक्स व आयबीएम यांच्या 'एल टोरिटो' मानकाने सीडीवर बूट-सूची ठेवण्याची सोय केली आणि सीडीवरून थेट संगणक सुरू करण्याची एकसमान पद्धत मिळाली.

पुढे इंटेलने इटेनियम प्रोसेसरसाठी ईएफआय विकसित केले. २००५ मध्ये यूईएफआय फोरम स्थापन होऊन ते सामायिक मानक बनले. हे फर्मवेअर पहिल्या सेक्टरऐवजी फॅट विभागातील फाइल शोधते. लिनक्सच्या विकासकांनी जुनी वाट न मोडता बूट-सूचीत दोन नोंदी केल्या : एक बायॉससाठी, दुसरी यूईएफआयसाठी. राखीव ३२,७६८ बाइटांत बूट-संकेत व विभाग-तक्ता लिहिल्याने तीच प्रतिमा पेनड्राइव्हवरूनही चालू लागली. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूटचा प्रसार होताच मॅथ्यू गॅरेट यांनी मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेला 'शिम' हा दुवा उपलब्ध केला. डेबियनने ही सोय २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत स्वीकारली.

याचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये सादर केलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे.

सारांश, या इतिहासात नव्याने जुन्याला हुसकावलेले नाही. जुन्याच्या राखीव जागेत नव्याची सोय लावली गेली. तथापि ही सोय कायमची गृहीत धरता येत नाही. २०२२ मध्ये फेडोरात बायॉसचा आधार काढण्याचा प्रस्ताव चर्चेस आला व अमान्य झाला. असा प्रस्ताव उद्या संमत झाल्यास सुस्थितीतील जुने संगणकही नव्या आवृत्त्यांना मुकतील. विनामूल्य कार्यप्रणालीसाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागणे मर्यादित निधीच्या महाविद्यालयांना परवडणारे नाही. म्हणून सूचीतील त्या एका जुन्या नोंदीचे मोल मोठे आहे.