बिशपची गादी आणि मंडळीचे भजन

श्रीगोंद्याचे नाव निघाले की वारकऱ्यांना शेख महंमद आठवतात. जन्माने मुसलमान असलेल्या या संताने मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, अभंग रचले. धर्माचे नाव वेगळे असले तरी भजनाची भाषा सगळ्यांची, हे या मुलखाला नवे नव्हते. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती उपासनेचा इतिहास पाहताना मला ही पार्श्वभूमी मोलाची वाटते.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि १८३३ मध्ये तेथे पहिली मंडळी स्थापन झाली. हे मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांच्याकडे बिशप नव्हता. पाळक कोण असावा, सभासद कोणाला करून घ्यावे, शिस्त कोणाला लावावी, हे मंडळीने एकत्र बसून ठरवायचे. १८५४ मध्ये हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे खेड्यापाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः महार-मांग कुटुंबांच्या. चावडीपासून ज्यांना लांब उभे राहावे लागे, त्यांना मंडळीच्या सभेत मत मिळाले. प्रभुभोजनाला जातीची वेगळी पंगत नसावी, हा तर तिथला पहिला धडा.

१८७० च्या दशकात इंग्लंडच्या चर्चची एस. पी. जी. ही संस्था याच जिल्ह्यात कामाला लागली. तिच्यामागे १८३७ पासून मुंबईत असलेली बिशपची गादी होती. येथे उपासना छापील प्रार्थनापुस्तकाप्रमाणे चाले. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांचे दृढीकरण बिशपच्याच हस्ते व्हायचे, पाळकाची नेमणूकही वरून. १९२९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा ही गादी जवळ आली. एकाच जिल्ह्यात, एकाच समाजातल्या सोयऱ्याधायऱ्यांत अशा दोन वाटा पडल्या. एकीकडे पाळक मनातून प्रार्थना करी, दुसरीकडे पुस्तकातली प्रार्थना सगळे मिळून म्हणत.

या दोन वाटांना जोडले ते गाण्याने. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन नगरच्या मातीत रुजवले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग सारे ओळखीचे, आख्यान मात्र ख्रिस्ताचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाला उपासनेत मानाची जागा दिली. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक पुढे निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्यांत पोहोचले. ज्याला अक्षरओळख नव्हती, त्यानेही आपले धर्मशास्त्र पाठ केले ते चालीवर. नाताळच्या भजनात किंवा झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीत गाणाऱ्याला शेजारचा कोणत्या मिशनचा, हे विचारण्याचे कारण उरत नव्हते.

कारभारातले ऐक्य पुष्कळ उशिरा आले. काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये एक झाल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ मिळून उत्तर भारतातील चर्च, म्हणजे सी. एन. आय., स्थापन झाले. अँग्लिकनांनी बिशपपद आणले, बाप्टिस्टांसाठी प्रौढ बाप्तिस्म्याची मोकळीक राहिली, मंडळीच्या समित्यांनाही घटनेत स्थान मिळाले. बिशपविना चार पिढ्या काढलेल्या नगरकरांच्या डोक्यावर आता नाशिकच्या बिशपचा हात आला.

या तडजोडीचे मोल काय? गादीमुळे विखुरलेल्या मंडळ्यांना एक छत्र मिळाले, हे मान्य करावे लागेल. पण मिशनच्या जमिनी, संस्था आणि पाळकांच्या बदल्या यांवरचे अधिकार वर गेले की खाली बसलेला माणूस केवळ श्रोता होतो. चर्चच्या मालमत्तेचे वाद देशात ठिकठिकाणी कोर्टापर्यंत पोहोचले आहेत, त्याचे मूळ मला इथे दिसते. ज्या समाजाने सभेत मत देणे हे मंडळीत बसून शिकले, त्याचे मत जाणे म्हणजे कारभाराची नुसती अदलाबदल नव्हे. मिळालेली माणुसकी हातची जाणे आहे.

म्हणून सी. एन. आय.च्या घटनेतील समित्यांची कलमे मला बिशपपदाइतकीच पवित्र वाटतात. बिशपने हात ठेवावा, आशीर्वाद द्यावा; हिशेबाची वही मात्र मंडळीपुढे उघडी असावी. टाळ सगळ्यांच्या हातात असेल तरच भजन रंगते.