फुटबॉल हंगामापूर्वी विजेतेपदाच्या दावेदारांचे मूल्यमापन कसे केले जाते

इंग्लंडमधील प्रीमियर लीग फुटबॉल स्पर्धेचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. या काळात २० संघ एकूण ३८० सामने खेळतात. पहिला चेंडू मैदानात येण्यापूर्वीच विजेतेपदाच्या प्रत्येक दावेदाराचा भाव मात्र जाहीर झालेला असतो. ब्रिटनमध्ये सट्टेबाजी हा परवानाधारक व्यवसाय असून तेथील कंपन्यांमध्ये भाव निश्चित करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ट्रेडर म्हणतात. त्यांच्या अंदाजातील चूक कंपनीला किती महागात पडू शकते, हे २०१५-१६ च्या हंगामाने दाखवून दिले.

त्या हंगामापूर्वी लेस्टर सिटी संघाच्या विजेतेपदाचा भाव ५०००-१ असा होता. म्हणजेच १० पौंड लावणाऱ्यास संघ जिंकल्यास ५० हजार पौंड मिळणार होते. २ मे २०१६ रोजी चेल्सी आणि टॉटनहॅम यांच्यातील सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि लेस्टरचे विजेतेपद निश्चित झाले. कंपन्यांना लक्षावधी पौंड चुकते करावे लागले.

भावाचा अर्थ

भाव म्हणजे संभाव्यतेचेच दुसरे रूप होय. २-१ या भावामागे सुमारे ३३ टक्के संभाव्यता गृहीत धरलेली असते, तर ५०००-१ या भावामागे अवघी ०.०२ टक्के. सर्व संघांची खरी संभाव्यता मिळून १०० टक्केच असू शकते. कंपनी मात्र प्रत्येक भाव थोडा कमी ठेवते, त्यामुळे जाहीर भावांची बेरीज १०० पेक्षा अधिक भरते. उदाहरणार्थ, चार प्रमुख संघांच्या भावांतून ४०, ३०, २० आणि १० टक्के आणि उर्वरित संघांच्या भावांतून मिळून १५ टक्के निघत असतील, तर बेरीज ११५ होते. हे वरचे १५ म्हणजे कंपनीचा नफ्याचा वाव आणि पैसे लावणाऱ्याचा तोटा.

जाहीर भाव हा केवळ संघाच्या ताकदीवर अवलंबून नसतो. मँचेस्टर युनायटेड किंवा लिव्हरपूल यांसारख्या संघांचे चाहते संख्येने मोठे असल्याने त्यांच्यावर अधिक रक्कम लागते. जोखीम मर्यादित ठेवण्यासाठी ट्रेडर अशा संघांचा भाव उतरवतात. म्हणून कमी भाव हा संघ बलवान असल्याचा निर्विवाद पुरावा मानता येत नाही.

मूल्यमापनाचे निकष

मागील हंगामातील गुणतक्ता हा पहिला आधार असतो. तथापि, केवळ गुणांपेक्षा केलेले आणि स्वीकारलेले गोल यांतील फरक अधिक विश्वासार्ह समजला जातो. एका गोलाच्या निसटत्या विजयांमध्ये नशिबाचा वाटा मोठा असतो आणि तो पुढील वर्षी टिकेलच असे नाही. १९८२ मध्ये मायकेल माहेर यांनी, तर १९९७ मध्ये मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी प्रत्येक संघाची आक्रमण व बचावाची क्षमता स्वतंत्रपणे मोजणाऱ्या सांख्यिकी पद्धती मांडल्या. अशा पद्धतींच्या आधारे संगणकावर संपूर्ण हंगाम हजारो वेळा खेळवला जातो आणि कोणता संघ किती वेळा अव्वल येतो, हे मोजले जाते.

यानंतर आकड्यांत न दिसणाऱ्या बाबींचा विचार होतो. खेळाडूंची खरेदी-विक्री, प्रशिक्षकातील बदल, युरोपीय स्पर्धांमुळे वाढणारी सामन्यांची संख्या आणि राखीव खेळाडूंचा दर्जा या त्यांपैकी प्रमुख होत. २०२४-२५ च्या हंगामापूर्वी मँचेस्टर सिटीने सलग चार विजेतेपदे पटकावली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मधल्या फळीतील रॉड्री गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे बाहेर पडला आणि त्याची जागा समर्थपणे भरून निघाली नाही. सिटी ७१ गुणांसह तिसऱ्या स्थानी राहिली. नवे प्रशिक्षक आर्न स्लॉट यांच्या लिव्हरपूलने ८४ गुणांसह विजेतेपद मिळवले. दुखापतीचे भाकीत करता येत नाही, परंतु एका खेळाडूवर संघ किती विसंबून आहे, हे आधी तपासता येते.

आर्थिक नियमांचा भंग हाही अलीकडे लक्षात घ्यावा लागणारा घटक आहे. २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टनचे एकूण ८ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण कापण्यात आले.

लेस्टरबाबत काय चुकले

२०१४-१५ मध्ये लेस्टर ४१ गुणांसह चौदाव्या स्थानी होता. पहिल्या २९ सामन्यांत संघाला अवघे १९ गुण मिळाले होते; अखेरच्या ९ सामन्यांत मात्र ७ विजयांसह २२ गुण. तीच गती ३८ सामन्यांत टिकली असती, तर गुणसंख्या ९० च्या वर गेली असती. नऊ सामन्यांवरून संघाला दावेदार ठरवणे योग्य झाले नसते, हे खरे. शिवाय त्या उन्हाळ्यात प्रशिक्षकही बदलला होता. परंतु चौदावे स्थान संघाची खरी क्षमता दाखवत नाही, एवढे या आकड्यांतून निश्चित दिसत होते. एन्गोलो कान्ते याचे आगमन आणि युरोपीय स्पर्धांचा भार नसणे, याही जमेच्या बाजू होत्या. लेस्टरने ८१ गुण मिळवले, तर आदल्या वर्षीचा विजेता चेल्सी ५० गुणांसह दहाव्या स्थानी घसरला.

मूळ चूक याहून साधी होती. प्रीमियर लीगचे तोवर केवळ २३ हंगाम झाले होते आणि त्यांत पाचच संघ विजेते ठरले होते. एवढ्या तुटपुंज्या अनुभवावरून एखादी घटना ५०० वर्षांत एकदा घडेल की ५००० वर्षांत, हे सांगता येणे शक्य नाही. जे कधी घडले नाही, ते अशक्य मानले गेले.

भारतातील स्थिती

भारतात सट्टा व जुगार हा राज्यसूचीतील विषय आहे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने जुगाराचे अड्डे चालवण्यास बंदी घातली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याद्वारे पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालण्यात आली असून असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे भारतीय क्रीडारसिकांच्या दृष्टीने या भावांचे महत्त्व हंगामापूर्वीचा एक अंदाज एवढेच राहते. तो अंदाज वाचताना त्यात कंपनीचा नफाही मिसळलेला आहे, याचे भान ठेवणे इष्ट ठरेल.