अँजिओग्राफीआधी: हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासण्या

जिना चढताना छातीत दाब येतो आणि थांबलं की बरं वाटतं, ही हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. आरामात झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नये. पण मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून केली जाणारी अँजिओग्राफी लगेच करावी लागतेच असंही नाही. त्याआधी नळी न घालता होणाऱ्या काही तपासण्या आहेत.

कॅल्शियम स्कोर: रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन. यात इंजेक्शन लागत नाही. त्रास नसलेल्या माणसाचा पुढचा धोका कळायला उपयोगी. स्कोर शून्य असेल तर धोका कमी, ४०० च्या वर असेल तर जास्त.

सीटी अँजिओग्राफी: हाताच्या शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्यांचं चित्र काढतात. ब्लॉक कुठे आणि किती, ते दिसतं. नाडी जलद असेल तर ती कमी करायची गोळी देतात. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांचा अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांसोबत ही तपासणी झालेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक २.३ टक्के होते, दुसऱ्या गटात ३.९ टक्के. आजार नेमका कळला की योग्य गोळ्या वेळेवर सुरू होतात, हे त्याचं मोठं कारण मानलं जातं.

स्ट्रेस एको: व्यायामाने किंवा औषधाने हृदयावर ताण देऊन सोनोग्राफी करतात. रक्त कमी पडणारा भाग नीट आकुंचन पावत नाही. यात रेडिएशन नाही.

थॅलियम टेस्ट: शिरेतून थोडा किरणोत्सारी पदार्थ देऊन आरामात आणि ताणाखाली रक्तपुरवठा कसा आहे, ते पाहतात. नाव थॅलियम असलं तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम वापरतात.

स्ट्रेस एमआरआय: रक्तपुरवठ्यासोबत जुन्या अटॅकचा व्रणही दिसतो. यातही रेडिएशन नाही.

थोडक्यात, सीटी रक्तवाहिनी दाखवते. बाकीच्या तीन तपासण्या त्या ब्लॉकमुळे हृदयाला खरंच रक्त कमी पडतं का, ते सांगतात. म्हणून "सगळ्यात महाग तीच चांगली" असं समजू नका. "या तपासणीतून नेमकं काय कळणार?" असं डॉक्टरांना विचारा.

जाण्याआधी सांगा: किडनीचा त्रास, मधुमेहाच्या गोळ्या, दमा, औषधाची अॅलर्जी, पेसमेकर, गरोदरपण. चहा-कॉफी कधीपासून बंद करायची, तेही विचारा.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. अब्बांना किंवा अम्मींना बसल्या जागी छातीत जोरात दुखू लागलं, घाम फुटला, श्वास लागला, तर "गॅस असेल" म्हणत थांबू नका, स्कॅनची तारीखही घेत बसू नका. १०८ ला फोन करा आणि थेट हॉस्पिटल गाठा.